ग्वाल्हेरच्या थंडीत घरात भाजीची रोपं: ती लांबुडकी होऊ नयेत म्हणून काय करायचं

ग्वाल्हेरात जानेवारीच्या पहाटे पारा ५–६ अंशांपर्यंत उतरतो आणि मिरचीच्या बीला उगवायला २५ अंशांच्या वर ऊब लागते. उघड्यावर पेरलं तर बी कुजतं, नाहीतर कितीतरी आठवडे तसंच पडून राहतं. थंडी संपेपर्यंत थांबावं, तर मार्चमध्येच ऊन चढू लागतं, एप्रिल सरताना लू वाहते. दिवसा ३५ आणि रात्री २५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचं फूल धरत नाही, गळून पडतं. म्हणजे पेरणीपासून फळापर्यंतचा सगळा कारभार उरकायला टोमॅटोला इथे फार थोडा वेळ मिळतो. तो वाढवायचा एकच मार्ग आहे: रोपं डिसेंबर-जानेवारीत घरात तयार ठेवायची आणि थंडीचा जोर ओसरताच लावायची. पुण्या-मुंबईच्या बागकामाच्या सल्ल्यांत हा भाग फारसा सापडत नाही, कारण तिकडची थंडी बियांना इतकी अडवत नाही.

घरात बी उगवून आणणं अवघड नाही. बिघडतं ते त्यानंतर. आठवड्याभरात रोपं बारीक, फिकट, खिडकीकडे झुकलेली होतात, मग पाण्याच्या पहिल्या झारीला आडवी पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ऊब ही बियांची गरज आहे आणि उजेड ही रोपाची. पहिला कोंब मातीवर दिसला त्या दिवशी एक काढून दुसरा द्यायचा असतो. बहुतेक घरांत ही अदलाबदल तीन-चार दिवस उशिरा होते, आणि त्या तीन-चार दिवसांत झालेलं नुकसान नंतर कितीही उजेड दिला तरी भरून निघत नाही.

रोप लांबतं कशामुळे

मातीखालच्या अंधारात कोंबाचं काम एकच असतं, वर येणं. बियांत साठवलेलं अन्न तो देठ लांबवण्यात खर्च करतो, पानांवर नाही. उजेड लागला की रोपातल्या प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्यांना कळतं की आता बाहेर आलो. देठाची वाढ आवरते आणि बीजपत्रं, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पानं, उघडून हिरवी होतात. उजेड पुरेसा नसेल तर हा आवर बसतच नाही. रोप अजून आपण मातीत, किंवा दुसऱ्या कुणाच्या सावलीत आहोत असं समजून देठ ताणत राहतं.

यात ऊब भर घालते. उष्णतेनं पेशी भराभर वाढतात, पण अन्न तयार करायला उजेड नाही, म्हणून देठ लांब आणि पोकळ होतो. गर्दीही तेच करते. शेजारच्या पानांवरून परतलेल्या प्रकाशात गडद लालच्या पलीकडच्या लहरी जास्त असतात. त्या मिळाल्या की रोप शेजाऱ्याच्या वर डोकं काढायला धावतं. म्हणून एका वाटीत चिमूटभर बी ओतून पेरलेला टोमॅटो भर उन्हातसुद्धा लांबतो. पाणी आणि नत्र सढळ हातानं दिलं की उरलीसुरली कसर भरून निघते.

आपले डोळे इथे दगा देतात. दक्षिणेच्या खिडकीची खोली आपल्याला लख्ख वाटते, कारण बुबुळं जुळवून घेतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ दुपारी गच्चीवर ५०–६० हजार लक्स उजेड असतो. त्याच वेळी खोलीच्या मध्यभागी तो पाचशेच्याही खाली असू शकतो. मोबाईलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात. ती अचूक नसतात, पण खिडकीच्या कट्ट्यावरचा आणि टेबलावरचा आकडा शेजारी ठेवून पाहिलात तर फरक लगेच ध्यानात येईल. रोपांच्या जागी दिवसातले बरेच तास निदान आठ-दहा हजार लक्स मिळायला हवेत.

काय पेरायचं, केव्हा

ग्वाल्हेरकरांना तारखा लक्षात ठेवायची फारशी गरज नाही. डिसेंबरात तानसेन समारोहाचे दिवस आले की टोमॅटो पेरावा. सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, तो लावणीला येतो. मिरची आणि वांगी सावकाश चालतात आणि थंडीला जास्त भितात, त्यांचं बी डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टाकावं. ग्वाल्हेरचा हिवाळी मेळा भरात येईपर्यंत ती उगवलेली असतात. संक्रांत झाली की वेलभाज्या: दुधी, दोडका, कारलं, काकडी आणि बाजारात जिला गिलकी म्हणतात ते घोसाळं. यांना घाई करू नका. वेलांचं रोप चार आठवड्यांत तयार होतं, आणि त्यापेक्षा जास्त काळ पेल्यात अडकलं तर मुळं गुंडाळून बसतात. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेरून फेब्रुवारीच्या अखेरीस दोन ते चार खऱ्या (म्हणजे बीजपत्रांनंतर येणाऱ्या) पानांवर लावायचे.

गाजर, मुळा, बीट, पालक, मेथी, कोथिंबीर, भेंडी, गवार यांची रोपं घरात करत बसू नये. जागेवरच पेरा. गाजर-मुळ्याचं सोटमूळ हलवलं की फाटे फुटतात, आणि भेंडीला स्थलांतर सोसत नाही.

वाणांबाबत एक पसंती सांगतो. घरासाठी पुसा रुबी टोमॅटो, पुसा ज्वाला मिरची यांसारखे जुने सरळ वाण घेतले तर पुढच्या वर्षी बी घरचं धरता येतं. संकरित वाण उत्पन्न देतात, पण दर वर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. पाकिटावरची तारीख बघा. कांद्याचं बी वर्षभरात दुबळं होतं, मिरचीचं दोनेक वर्षं टिकतं, टोमॅटो आणि वेलभाज्यांचं तीन-चार वर्षं चालतं. शंका असेल तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवा. सहापेक्षा कमी उगवल्या तर नवं पाकीट आणा.

भांडी आणि मिश्रण

नर्सरीवाले वापरतात तो ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे चालतो, पण घरी ५० कप्प्यांचा बरा. कप्पा मोठा असला की एखाद्या दिवशी पाणी द्यायला उशीर झाला तरी रोप तग धरतं. वेलांसाठी चहाचे मोठे कागदी पेले किंवा दह्याचे डबे घ्या, तळाला तीन-चार भोकं पाडा. कुल्हड फेकवत नाहीत म्हणून पुष्कळजण त्यांत पेरतात. त्यांना भोक नसतं आणि ते पाडताना निम्मे फुटतात, शिवाय भाजलेली माती पाणी ओढून घेते. कुल्हड वापरायचेच असतील तर आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि भोक ड्रिलनं पाडा, खिळ्यानं नको. पारदर्शक पेले टाळा: उजेडानं आत शेवाळ धरतं. मागच्या वर्षीचे ट्रे असतील तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा.

अंगणातली माती वापरू नका. तिच्यात रोपं कोलमडवणाऱ्या मर रोगाची बुरशी असते, आणि लहान कप्प्यात ती सिमेंट होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ भाग, व्हर्मिक्युलाइट १ भाग, परलाइट १ भाग (ही दोन्ही फुलवलेली हलकी खनिजं) हे नर्सरीचं मिश्रण आहे. घरगुती काम दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत यावरही छान भागतं. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजली की आठ-नऊ लिटर होते, म्हणजे दोन-तीन ट्रेंची सोय. वीट भिजवल्यावर पाणी एकदाच काढून थांबू नका. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, त्यामुळे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून पिळून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर या धुण्यासाठी तरी तिघरा धरणाचं नळाचं पाणी वापरा. किलोभर गांडूळखतात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी मित्र-बुरशी) पावडर कालवून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं तर मर पुष्कळ कमी होते.

मिश्रण किती ओलं हवं? मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघावा. धार लागली तर जास्त झालं.

पेरणी

ट्रे मिश्रणानं भरा, तळवा फिरवून सपाट करा, दाबून ठोकू नका. टोमॅटो, मिरची, वांगं, कोबी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. वेलांच्या बिया दोन सेंटीमीटर. कप्प्यात दोन बिया, पेल्यातही दोन. वर मिश्रणाचा पातळ थर द्या आणि फवाऱ्यानं भिजवा, झारीनं नको, बिया एका कोपऱ्यात वाहून जातात. प्रत्येक ओळीत नावाची पट्टी खोचा. टोमॅटो आणि मिरची वेगळे ओळखू येतात, पण दोन जातींच्या मिरच्या पान बघून कुणालाही सांगता येत नाहीत.

वेलांच्या बियांची सालं जाड. कारल्याच्या बीचं टोक नेलकटरनं किंचित कापून, आणि दुधी-दोडका तसेच, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. मग ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून झाकणाच्या डब्यात, मटकीला मोड आणतो तसे उबेला ठेवा. मोड अर्धा सेंटीमीटर झाला की लगेच पेल्यात, मोड खाली करून. लांब मोडाला हात लावला की तो तुटतो. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं औषध चोळलेल्या बिया भिजवू नका, स्वयंपाकाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

ऊब द्या, पण दिवसातून दोनदा डोकवा

पेरलेला ट्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून उबदार जागी ठेवायचा. या टप्प्याला उजेडाची गरज नाही. जुन्या फ्रिजचं डोकं, इन्व्हर्टरजवळची फळी, राउटरच्या वरची जागा, स्वयंपाकघरातलं उंच कपाट, ज्या घरात जी असेल ती. मातीत थर्मामीटर खोचून बघा: २५ ते ३० अंश हवेत. तेवढी ऊब मिळाली तर टोमॅटो पाच ते आठ दिवसांत, वांगं सात ते दहा, मिरची आठ ते चौदा दिवसांत वर येते. २० अंशांवर हेच दिवस जवळजवळ दुप्पट होतात आणि मिरची तर रुसूनच बसते. हीटरच्या समोर ट्रे ठेवू नका, वरचा थर वाळून कडक होतो आणि खाली माती गारच राहते.

एकाच ट्रेमध्ये टोमॅटो आणि मिरची पेरणं हे लांबुडक्या रोपांचं एक मोठं कारण आहे, आणि त्याकडे कुणी फारसं पाहत नाही. टोमॅटो उगवतो, मिरचीला अजून ऊब हवी असते, म्हणून ट्रे तिथेच राहतो आणि टोमॅटो अंधारात ताणत सुटतो. एका ट्रेमध्ये एकच भाजी. ट्रे लहान असेल तर कात्रीनं कापून दोन करा.

कोंब दिसला, तो दिवस

चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पिशवी उघडून बघायचं. आकड्यासारखं वळण घेतलेला पांढरट देठ, डोकं अजून मातीत, असा एखादा दिसला की तीच खूण. निम्म्या बिया उगवेपर्यंत वाट पाहू नका. दहातल्या दोन दिसल्या तरी ट्रे हलवा. उरलेल्या मागाहून येतात. आत्ता केलेली बारा तासांची दिरंगाईही टोमॅटोच्या देठात दिसते, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत तो झपाट्यानं वाढतो. संध्याकाळी कोंब दिसला आणि गच्चीवर ऊन नाही, तर रात्रभरासाठी ट्रे फ्रिजवरून काढून गार खोलीत ठेवा. गारव्यात तो थांबेल, उबेत ताणेल.

पिशवीही त्याच दिवशी काढायची. तिच्यातला दमटपणा बियांना हवा होता. रोपांना तो मर लावतो.

दिवसा गच्ची, रात्री खोली

ग्वाल्हेरच्या हिवाळ्याची एक देणगी आहे: दुपारी बाहेर २०–२४ अंश, निरभ्र आकाश आणि फुकटचं ऊन. त्यामुळे इथे घरात रोपं करायची म्हणजे ती रात्री घरात ठेवायची, दिवसा नव्हे. सकाळी ऊन गच्चीवर उतरलं की ट्रे बाहेर, साडेचार-पाचला आत. पहिले दोन दिवस कोवळ्या उन्हात दोन-तीन तास, मग वाढवत चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण दिवस. रोज हे करणं जिवावर येतं हे खरं, म्हणून ट्रे फळांच्या क्रेटमध्ये बसवा. एका हातात क्रेट, एक फेरी, काम झालं. सकाळच्या गारव्याचा फायदाही आहे. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास रोप गारठ्यात राहिलं तर त्या दिवशी देठ कमी लांबतो. नर्सरीतले लोक हीच युक्ती मुद्दाम करतात. मात्र १० अंशांच्या खाली टोमॅटोलाही त्रास होतो, आणि मिरची, वांगं, काकडीला तर १२–१३ खालीच.

रात्री खोली १५–१६ अंशांची पुरते. गरम नको. रजईत झोपणाऱ्या माणसांना जी खोली गार वाटते ती रोपांना बरोबर असते.

मुरारकडच्या अंगणाच्या घरांना किंवा मोकळ्या गच्चीला हे सोपं. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत चौकात ऊन थोडाच वेळ उतरतं, तिथे गच्ची गाठावीच लागते. वर जाळी हवी: खार बिया उकरते, कबुतरं कोवळी पानं खुडतात, आणि माकडं ट्रेच उचलून नेतात. माकडांसाठी माझ्याकडे दुसरा तोडगा नाही, माणूस जवळ बसवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी दिशा बघावी. ग्वाल्हेर २६ अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून अवघा ४० अंश वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून तिरपं ऊन खोलीत खोलवर येतं. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि बाहेर छज्जा किंवा झाड आड येत नसेल तर आठ फुटांपर्यंत. ही खिडकी सोनं आहे. पूर्वेची चालेल, पश्चिमेची जेमतेम, उत्तरेची नाही. डासांची जाळी सरकवून ठेवा, ती बराच उजेड खाते. ट्रे काचेला चिकटवा आणि खोलीच्या बाजूला पुठ्ठ्यावर स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल लावून उभा करा, म्हणजे उजेड दोन्हीकडून मिळतो. तरी रोज ट्रे फिरवायचा. रात्री काचेजवळ गारठा साठतो, तेव्हा ट्रे आत ओढा.

दक्षिणेची खिडकी नाही? मग ट्यूब लावा. त्यासाठी जांभळा उजेड देणारे महाग दिवे घ्यायची गरज नाही. चार फुटी, २० वॅटच्या, पांढऱ्या म्हणजे ६५०० केल्विनच्या दोन एलईडी बॅटन शेजारी शेजारी बांधा आणि साखळीनं अशा टांगा की वर-खाली करता येतील. रोपांच्या शेंड्यापासून चार ते सहा इंच. इतक्या जवळ लावायला लोक कचरतात, पण एलईडीची उष्णता कमी असते. हाताची पाठ शेंड्याच्या पातळीवर धरा, चटका वाटला नाही तर रोपालाही वाटत नाही. बॅटन छतावर राहिली तर तिचा रोपांना काही उपयोग नाही. रोप वाढेल तशी साखळी वर. चौदा ते सोळा तास चालू, रात्री बंद. चोवीस तासांच्या उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात. ४० वॅट गुणिले १४ तास म्हणजे रोज अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला १७ युनिट. टायमर लावला की लक्षात ठेवायला नको.

आणि धुकं? डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीत असे तीन-चार दिवस सलग येतात की सूर्य दिसतच नाही. अशा वेळी उजेड वाढवता येत नसेल तर बाकीचं कमी करा. ट्रे १४–१५ अंशांच्या खोलीत, पाणी जवळजवळ बंद, खत अजिबात नाही. रोपं वाढायची थांबतील, आणि तेच हवं आहे. ऊन आलं की ती आठवड्याभरात सगळं भरून काढतात. धुक्यात ट्रे पुन्हा फ्रिजवर ठेवणं हा मात्र सर्वांत वाईट निर्णय.

पाणी, खत, मर

पाणी खालून द्या: परातीत दोन सेंटीमीटर पाणी, त्यात ट्रे वीस मिनिटं, मग बाहेर काढून निथळू द्या. ट्रे उचलून वजन बघायची सवय लावा. हलका लागला की पाणी, जड असेल तर नाही. थंडीत दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं. संध्याकाळी ओलं करू नका. मातीलगतचा देठ पाण्यासारखा मऊ होऊन, आवळल्यासारखा बारीक पडून रोप कोलमडलं तर तो मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरश्यांचं काम. आडवं झालेलं रोप वाचत नाही. ते कप्प्यातल्या मातीसकट काढा, बाकीच्यांना वारा आणि ऊन द्या, पाणी तोडा. दालचिनीची पूड भुरभुरण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. माझा भर तिच्यापेक्षा कोरड्या पृष्ठभागावर आहे.

खत पहिलं खरं पान उघडेपर्यंत द्यायचं नाही. बीजपत्रांत शिधा असतो. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. युरिया किंवा डीएपीचे दाणे कप्प्यात टाकणं म्हणजे रोप एकतर जाळणं, नाहीतर लांबवणं.

पंखा मंद वेगावर दिवसातून एक-दोन तास लावला, किंवा कोरड्या पानांवरून हाताचा तळवा हलकेच दहा-पंधरा वेळा फिरवला, तर देठ आखूड आणि जाड होतो. रोपाला हलवाहलव जाणवली की ते लांबण्याऐवजी भरतं. टोमॅटो, वांगं, काकडी यांत फरक दिसतो. मिरचीची पानं नाजूक, तिला सोडा.

विरळणी आणि मोठं भांडं

बीजपत्रं आडवी पसरली की कप्प्यातलं दुबळं रोप कात्रीनं मातीलगत कापा. उपटू नका, दुसऱ्याची मुळं दुखावतात. दोन्ही ठेवायचा मोह अनावर असतो, आणि त्या मोहापायी दोन्ही लांबतात. शेजारच्या कप्प्यांतली पानं एकमेकांना टेकू लागली की प्रत्येक रोप स्वतंत्र पेल्यात न्या: टोमॅटो साधारण दोन खऱ्या पानांवर. रोप पानाला धरून उचला, देठाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं. पेले एकमेकांना चिकटवून न ठेवता मध्ये चार बोटं जागा सोडा. जागा नाही म्हणून रोपं दाटीनं ठेवण्यापेक्षा निम्मी शेजाऱ्यांना द्या.

लांबलीच तर

टोमॅटो असेल तर काळजी नको. त्याच्या देठाला मातीखाली मुळं फुटतात, म्हणून बीजपत्रांपर्यंत पुरा. फारच लांब झाला असेल तर उथळ चरात आडवा निजवून फक्त शेंडा वर ठेवा. मिरची आणि वांगं बीजपत्रांच्या जरा खालपर्यंत पुरता येतात, पण त्यांना टोमॅटोसारखी भराभर मुळं फुटत नाहीत. कोबी-फुलकोबीचा देठ कोवळा असताना बीजपत्रांपर्यंत मातीत जाऊ द्या. दुधी, काकडी, दोडका मात्र खोल पुरू नका, देठ कुजतो. मऊ कापसाच्या दोऱ्यानं बारीक काडीला हलकं बांधा, उजेड वाढवा. वेलाचं रोप बीजपत्रांखालीच बोटभर लांब झालं असेल तर मी सरळ पुन्हा पेरतो. जानेवारीत आठवडा गेला तरी वेलांचं काही बिघडत नाही, लंगडं रोप मात्र लू सुरू होईपर्यंत मागेच राहतं.

पुरल्यावर लगेच कडक ऊन आणि भरपूर पाणी देऊ नका. एक-दोन दिवस सावलीचा उजेड, मग ऊन.

बाहेरची सवय आणि लावणी

दिवसा गच्चीवर वाढलेल्या रोपांना उन्हाची ओळख असतेच, त्यांना फक्त रात्रीची सवय लावायची. लावणीच्या आठवडाभर आधी, रात्रीचं तापमान १०–१२ अंशांच्या वर असेल तेव्हा, ट्रे भिंतीच्या आडोशाला बाहेरच राहू द्या. ट्यूबखाली वाढलेल्यांना मात्र सात ते दहा दिवस लागतात: आधी तासभर सकाळचं ऊन, रोज तासा-दीड तासानं वाढवत. एकदम बाहेर काढलं तर पानांवर पांढरे चट्टे पडतात. त्या आठवड्यात पाणी जरा ताणून द्या, खत थांबवा.

चांगलं टोमॅटोचं रोप कसं असावं? उंची साधारण वीत, देठ पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचा, पानं गडद, आणि कळी अजून नाही. वीतभराहून उंच पण पिवळसर रोप नर्सरीत स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

लावणी संध्याकाळी करा. फेब्रुवारीत ऊन वाढू लागलं की पांढरी माशी येते आणि मिरची-टोमॅटोवर पानं आकसणारा चुरडा-मुरडा विषाणू पसरवते. ४०–५० मेशची (इंचाला तितकी छिद्रं असलेली) बारीक जाळी रोपवाटिकेपासूनच वापरली तर पहिले काही आठवडे तरी रोपं वाचतात, आणि या रोगात कोवळेपणी वाचणं हेच महत्त्वाचं. पानं आकसलेलं रोप ट्रेमध्ये दिसलं तर लावू नका, उपटून टाका.

जूनमध्ये हेच उलटं

पावसाळी टोमॅटो, मिरची, वांगी आणि आगाप फुलकोबीची रोपं जूनमध्ये करावी लागतात, आणि तेव्हा उबेचा प्रश्न नसतो, ती कमी कशी करायची हा असतो. बी घरातच उगवून आणा, पण पंख्याखालच्या, सर्वांत गार खोलीत. २१ जूनच्या आसपास दुपारी सूर्य ग्वाल्हेरच्या जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतच नाही आणि हिवाळ्यातली तीच हुकमी जागा आता कामाची नाही. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळी नऊपर्यंतचं ऊन, त्यानंतर ५० टक्के हिरव्या जाळीखाली ठेवा. गरम खोली आणि अपुरा उजेड हा मेळ जूनमध्ये आपोआप जुळून येतो, म्हणून या दिवसांत रोपं डिसेंबरपेक्षाही लवकर लांबतात. कोंब दिसताच बाहेर नेण्यात इथे सकाळ-संध्याकाळचीही सवलत नाही. कागदी पेल्यांना दिवसातून दोनदा पाणी लागेल, तेही सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर. आंधीच्या दिवशी ट्रे आत घ्या. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की जुलैत लावा, सरीवर नव्हे तर वरंब्यावर, म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही.